पेट-सीटीसाठी वडिलांची ठेव मोडावी का?

प्रश्न : आम्ही नाशिकरोडला राहतो. वडिलांचे वय ६७ आहे. त्यांच्या मानेतील गाठीच्या सुईच्या तपासणीत कर्करोग निघाला, पण तो मुळात कोठे सुरू झाला हे दुर्बिणीतून दिसले नाही. डॉक्टरांनी पेट-सीटी सांगितली असून केंद्राने १८,५०० रुपये सांगितले आहेत. मेहुणे म्हणतात, साध्या सीटीवर भागेल. विमा एजंट म्हणतो, एक रात्र दाखल करा, क्लेम मिळेल. वडिलांचे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतील ५ लाखांचे खाते १६ महिन्यांपूर्वीचे आहे. ते मोडावे का?

उत्तर : खाते मोडू नये, केवळ तपासणीसाठी वडिलांना दाखल करू नये आणि तपासणी लांबवूही नये.

वैद्यकीय निर्णय डॉक्टरांचाच. परंतु १८,५०० रुपयांत आपण काय विकत घेत आहोत हे कळल्याशिवाय खर्चाचा हिशेब मांडता येत नाही. साध्या सीटीत अवयवांची रचना आणि गाठीचा आकार दिसतो. पेटमध्ये किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेली ग्लुकोजसारखी साखर शिरेतून देतात. कर्करोगाच्या पेशी ती अधिक ओढून घेतात, म्हणून ते ठिकाण उजळते. मात्र तो उजळलेला ठिपका टॉन्सिलमध्ये आहे की जिभेच्या मुळाशी, हे तो सीटीच्या चित्रावर बसवल्यावरच नेमके सांगता येते. मूळ जागा सापडली तर किरणोपचार तेवढ्याच भागावर योजता येतात, न सापडल्यास बहुधा घशाचा अधिक मोठा भाग त्यात धरावा लागतो. शिवाय रोग फुप्फुसात पोहोचला असेल, तर पुढच्या मोठ्या खर्चाची दिशाच बदलते. अनेक रुग्णांत मूळ सापडत नाही, काही मिलिमीटरची गाठ निसटू शकते आणि क्षयाची किंवा साध्या सुजेची गाठही उजळते, हे गृहीत धरूनही मला हा खर्च योग्य वाटतो.

मेहुण्यांच्या सूचनेत एक उपयोगी प्रश्न मात्र दडलेला आहे. पेट-सीटीतील सीटीचा भाग कॉन्ट्रास्ट (चित्र अधिक स्पष्ट करणारे औषध) देऊन करणार का, हे केंद्राला आधी विचारावे. तसे असल्यास मानेच्या वेगळ्या सीटीची गरज उरते का, हे डॉक्टरांकडून समजून घ्यावे. पेटसाठीच्या साखरेचा किरणोत्सर्ग दर ११० मिनिटांनी निम्मा होतो, त्यामुळे ती उद्यासाठी ठेवता येत नाही. उपाशी न राहिल्यामुळे किंवा रक्तातील साखर जास्त निघाल्यामुळे तपासणी रद्द झाली तर पैशांचे काय, हेही आगाऊ भरण्यापूर्वी विचारून घ्यावे. इंजेक्शननंतर सुमारे तासभर वडिलांना गप्प पडून राहावे लागेल, कारण बोलण्याने स्वरयंत्राचे स्नायूही उजळतात. बोलक्या माणसाला सोबतीला नेऊ नये.

आता पैसे. एक ते दोन वर्षांच्या दरम्यान हे खाते बंद केल्यास मुद्दलाच्या दीड टक्का, म्हणजे ७,५०० रुपये कापले जातात. १८,५०० साठी ७,५०० गमावणे हा व्यवहार कोणत्याही सावकारापेक्षा महाग आहे. ८.२ टक्के दराने त्याच खात्यावर दर तिमाहीला १०,२५० रुपये व्याज येते. आपल्या नावावर बँकेत मुदत ठेव असेल तर तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव न मोडता तिच्या तारणावर उचल, घ्यावा. व्याज ९ टक्के धरले तरी सहा महिन्यांचे सुमारे ८३० रुपये होतात आणि वडिलांच्या दोन तिमाहींच्या व्याजात मुद्दलही फिटते.

एजंटचा सल्ला धोक्याचा आहे. केवळ तपासणीसाठी दाखल होण्याचा खर्च आरोग्य विम्यात वगळलेला असतो आणि असा क्लेम नाकारला गेला तर खऱ्या उपचाराच्या वेळी फाइलकडे संशयाने पाहिले जाते. याच आजारासाठी पुढे दाखल व्हावे लागले, तर दाखल होण्यापूर्वीच्या ३० किंवा ६० दिवसांतील तपासण्या बहुतेक पॉलिसींत मिळतात. आपल्या पॉलिसीतील दिवस पाहावेत. त्यासाठी मूळ बिल, अहवाल आणि डॉक्टरांची तारीख घातलेली चिठ्ठी एकत्र ठेवावी. माझ्या पंचवटीतील एका अशिलाचे स्कॅनचे पैसे केवळ चिठ्ठी हरवल्यामुळे कापले गेले. वडील तंबाखू घेत असतील, तर विम्याच्या प्रस्ताव अर्जात तिची नोंद आहे का, हेही आजच पाहावे. नोंद नसेल तर ती बाब उपचारापूर्वी समजलेली बरी.

पैसे भरण्याआधी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेशी संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटावे. या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. ही तपासणी कोणत्या पॅकेजमध्ये बसते, हे तेथेच कळेल. जुन्या करप्रणालीत असाल तर ज्येष्ठांच्या कर्करोग उपचारासाठी १ लाखापर्यंतची वजावटही मिळते. त्यातून विम्याचे मिळालेले पैसे वजा होतात.

अंदाजपत्रकात मात्र एक नव्हे, दोन स्कॅन धरावेत. ब्रिटनमधील ५६४ रुग्णांच्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, केमो-किरणोपचार संपल्यावर १२ आठवड्यांनी पेट-सीटी करून गरज असेल तरच मानेची शस्त्रक्रिया केलेल्यांचे जगण्याचे प्रमाण सरसकट शस्त्रक्रिया केलेल्यांइतकेच राहिले आणि खर्चही कमी आला. वडिलांनाही असे उपचार ठरले, तर त्या दुसऱ्या स्कॅनची रक्कम आतापासून आवर्ती ठेवीत टाकण्यास सुरुवात करावी.