कॉलेज आणि एलिट स्केटिंग: पहिल्या सेमिस्टरआधी एवढं बघ

प्रवेशाबद्दल अभिनंदन! दोन्ही जमतं. अमेरिकन फिगर स्केटर नेथन चेन २०१८ मध्ये येल विद्यापीठात गेला आणि पहिल्याच वर्षी, मार्च २०१९ मध्ये, पुन्हा विश्वविजेता झाला. कोच कॅलिफोर्नियात, हा देशाच्या दुसऱ्या टोकाला, येलच्या कनेटिकटमध्ये! पण २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकआधी त्यानेही शिक्षणातून रजा घेतली. सुवर्णपदक मिळालं, पदवी २०२४ मध्ये. त्यामुळे चार वर्षांतच पदवी हवी हा हट्ट आधी सोड.

सुरुवातीला एवढंच:

- आधी रिंकची वेळ पक्की कर, मग विषय निवड. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.
- ग्रां प्री (फिगर स्केटिंगची आंतरराष्ट्रीय मालिका) स्पर्धा ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे ऐन मिडटर्म-फायनलच्या दिवसांत. फॉलमध्ये (डिसेंबरात संपणाऱ्या सेमिस्टरला) विषय कमी घे. मात्र किमान क्रेडिट्सचा नियम आधी विचारून घे. स्पर्धेच्या तारखा पहिल्याच आठवड्यात प्राध्यापकांना मेल कर. ऐनवेळी सवलत मागशील तर अडचण होईल.
- नवे बूट परीक्षेच्या तोंडावर घालायला काढू नकोस. ते पायात बसेपर्यंत उड्या बिघडतात.

सगळ्यात घातक चूक म्हणजे झोपेला कात्री लावणं. जागरण झालं असेल तर सकाळी ट्रिपलचा (हवेत तीन फेऱ्यांच्या उडीचा) हट्ट धरू नकोस, स्पिन आणि स्टेप्स कर. स्केटिंगचा नवीन कार्यक्रम, क्वाड (चार फेऱ्यांची उडी) वगैरे पहिलं सेमिस्टर पार पडल्यावर बघू. टाइमटेबल हातात आलं की इथे टाक, मिळून बसवू.