हॉस्टेलमधनं आलेली पत्रं : तुमचे प्रश्न, ताईची उत्तरं

नवीन वर्ष सुरू होऊन थोडे दिवस झाले की पत्रांची ही लाट येतेच, या वेळी तर जवळजवळ सगळीच हॉस्टेलवाल्यांची आहेत. नावं गाळलीयेत, काही पत्रं छोटी केलीयेत, राग मानू नका.

ताई, माझी रूममेट रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कॉलवर बोलत बसते. इअरफोन घालते पण तिचा स्वतःचा आवाज तर येतोच ना, आणि वरचा लाइट पण चालूच. मला सकाळी आठला लेक्चर असतं. काही बोलले तर भांडण होईल आणि अख्खं वर्ष काढायचंय म्हणून गप्प बसलेय. सरळ रूम बदलून मागू का?

अगं, म्हणजे तू तिला अजून एकदाही सांगितलेलं नाहीयेस! रूम बदलायचा अर्ज घेऊन गेलीस की वॉर्डन पहिलं तेच विचारणार. तिला बिचारीला वाटत असेल की हिला काही फरक पडत नाही, शांत झोपलीये. फक्त रात्री दीडला पांघरुणातनं तोंड काढून बोलू नकोस, त्या वेळी दोघींचंही डोकं ठिकाणावर नसतं. दिवसा, दोघींना वेळ असताना बोल, आणि "तू फार आवाज करतेस" असं नको, नेमकं काय हवंय ते माग, अकरानंतर कॉल कॉमन रूममध्ये आणि वरच्या लाइटऐवजी टेबल लॅम्प, बास. तुझं काय खटकतं तेही विचार तिला, कारण सकाळी तुझा अलार्म पाचदा स्नूझ होत असेल तर तीही कुठेतरी पत्र लिहीत असेल. जे ठरेल ते दोन ओळींत मेसेज करून ठेव. दोन आठवड्यांत काहीच बदललं नाही तर मग जा वॉर्डनकडे, बहुतेक हॉस्टेलच्या नियमात रात्रीच्या शांततेच्या वेळा लिहिलेल्या असतात, त्यावर बोट ठेव, तिच्या स्वभावावर नको.

माझ्या रूमच्या खिडकीजवळच्या भिंतीवर काळे डाग आलेत, वास पण येतो. मागच्या वर्षीचा सीनियर म्हणतो की जाताना डिपॉझिटमधनं कापून घेतात, तू गपचूप रंग मारून टाक. काय करू?

रंग बिलकुल मारू नकोस. ही बुरशी आहे, आणि ओल तशीच राहिली तर ती रंगाखालनं परत वर येणार, वर "परवानगीशिवाय रंग लावला" हे कलम वेगळं लागेल.

आधी ओल कुठनं येतीये ते बघ. खिडकीच्या काचेवर सकाळी पाणी साठत असेल आणि डाग कोपऱ्यात, कपाटामागे असतील तर बहुतेक ते आतल्या दमट हवेचं काम आहे, हवेतली वाफ गार भिंतीवर जाऊन पाणी होतं. तू कपडे रूममध्येच वाळवतोस ना? मशीनभर ओल्या कपड्यांतनं दीड-दोन लिटर पाणी हवेत जातं, एवढ्याशा बंद खोलीत ते कुठे जाणार मग. कपडे हॉस्टेलच्या कपडे वाळवायच्या खोलीत नाहीतर गच्चीवर वाळव, रोज थोडा वेळ खिडकी उघड, पलंग-कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढ म्हणजे मागनं हवा खेळेल. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली की बुरशीला वाढायला अवघड जातं. पण डाग वरून खाली ओघळल्यासारखा असेल किंवा पाऊस झाला की वाढत असेल तर पाइप नाहीतर बाहेरची भिंत गळतीये, ते तुझ्या हातात नाही, ते मेंटेनन्सचं काम.

दोन्ही बाबतीत आजच्या आज फोटो काढ आणि मेंटेनन्सला ईमेल टाक. तोंडी सांगितलेलं कोण लक्षात ठेवतं? डिपॉझिटचं भांडण वर्षाच्या शेवटी होतं, आणि तेव्हा विचारतात की हे कधी कळवलं होतं. तारीख असलेला एक साधा ईमेल तेव्हा फार उपयोगी पडतो. रूम ताब्यात घेताना सामानाचा फॉर्म देतात ना, गादी, खुर्ची, पडदे, सगळ्यांपुढे "ठीक" अशी टिक, तो निम्मी पोरं न वाचताच सही करून देतात (मला तर वाटतं निम्म्याहून जास्त). त्याची प्रत माग, तुटकंफुटकं काही राहिलं असेल तर आत्ताही कळव, उशीर झाला तरी चालेल. दम्याचा त्रास असेल किंवा खोकला हटत नसेल तर तेही ईमेलमध्ये लिही, अशा तक्रारी पुढे सरकतात.

केटल जप्त केली हो आमची! पूर्ण फ्लोअरवर सगळे वापरतात, एक्स्टेंशन बोर्ड लावून. एवढ्याशा केटलने काय होणार आहे?

एवढीशी दिसते, पण २००० वॅटची असेल तर २३० व्होल्टवर जवळजवळ पावणेनऊ अँपिअर ओढते, आणि तुमचा तो बोर्ड ६ अँपिअरचा असू शकतो, उलटा करून बघ, मागे लिहिलेलं असतं. त्यात कुणी हेअर ड्रायर लावला की वायर तापणार, आणि ती नेमकी गादीखालनं नाहीतर पडद्यामागनं गेलेली असते. त्यामुळे या बाबतीत मी हॉस्टेलच्या बाजूने आहे, सॉरी. जप्तीची पावती घे, वर्ष संपताना परत देतात का ते विचार. आणि सगळ्या फ्लोअरने मिळून पॅन्ट्रीत एक केटल ठेवायची मागणी लेखी द्या, एकट्याने भांडण्यापेक्षा ते लवकर होतं. बॅटरीवाल्या वस्तू, पॉवरबँक, फोन, उशीखाली चार्जिंगला ठेवून झोपू नका हे पण सांगून ठेवते.

अंगावर ओळीने चावल्याच्या खुणा येतायत, ढेकूण असतील का? सांगायची लाज वाटते, सगळे घाणेरडी म्हणतील.

ढेकणांना स्वच्छतेशी फारसं देणंघेणं नसतं, ते बॅगांमधनं आणि जुन्या फर्निचरमधनं येतात, टापटीप खोलीतही येतात. खुणांवरून खात्री होत नाही, गादीच्या शिवणी आणि पलंगाचे सांधे टॉर्च लावून बघ, बारीक काळे ठिपके दिसले तर आहेतच. लगेच कळव, कारण ते भिंतीच्या फटीतनं शेजारच्या रूममध्ये जातात आणि एकट्या खोलीत फवारणी करून भागत नाही. तोपर्यंत मैत्रिणीकडे झोपायला जाऊ नकोस, तिच्याकडेही पोचवशील. चादरी-कपडे पिशवीत बांधूनच लाँड्रीला ने आणि ६० अंशांवर धू, जे धुता येत नाही ते ड्रायरमध्ये जास्तीत जास्त गरमवर अर्धा तास. दुकानातला स्प्रे मारत बसू नकोस, ते नुसते पांगतात. एक दिलासा, ढेकणांमुळे माणसाला रोग होतो असं आढळलेलं नाही, खाज मात्र जीव खाते, खूप सूज आली तर डॉक्टरला दाखव.

रात्री तीनला फायर अलार्म वाजतो, दर वेळी कुणाचं तरी जेवण करपलेलं असतं. दर वेळी खाली उतरायलाच हवं का?

हो. चप्पल आणि किल्ली दाराजवळ ठेव, लिफ्ट नको, दार मागे ओढून घे. आणि जो कोणी रात्री तीनला स्वयंपाक करतो त्याला शोधून काढा, पॅन्ट्रीचं दार उघडं टाकून बसत असेल बहुतेक.