चपला न काढणाऱ्या मुलास

गावभाग, सांगली
फेब्रुवारी अखेर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू मोबाईलवर पाठवलेली पाच शाळांची माहितीपत्रकं चष्मा लावून वाचली. पाचही जण सर्वांगीण विकास करणार आहेत आणि त्यातल्या दोघांच्या पहिल्या पानावर तर एकच पोर हसतंय, त्याच पिवळ्या टीशर्टात. फी सोडली तर मला काही फरक सापडला नाही. ‘बाई, यातली कुठली घेऊ?’ असं विचारलंयस. उत्तर पत्रातून देते, कारण फोनवर तू मध्येच बोलतोस. ही तुझी बालवाडीपासूनची खोड.

आधी वयाचं बघू. आपल्याकडे नर्सरीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत ३ वर्षं पूर्ण लागतात, पहिलीसाठी ६. तुझी लेक ऑक्टोबरची, म्हणजे नियमात बसते. पण जूनमध्ये ती असेल पावणेतीनची आणि शेजारी बसलेला जानेवारीचा मुलगा साडेतीनच्या जवळचा. या वयात आठ-नऊ महिने म्हणजे डोंगर. तो बटण लावेल, ही लावणार नाही. तो गोष्ट सांगेल, ही दोन शब्दांत आटपेल. घरी येऊन तुलना केलीस तर मला कळेल, सांगून ठेवते.

आता शाळा बघायला जाशील तेव्हा प्रवेशाच्या दिवशी जाऊ नकोस, त्या दिवशी फुगे लावलेले असतात. एखाद्या साध्या मंगळवारी शाळा सुटायच्या अर्धा तास आधी जा. तेव्हा पोरं दमलेली असतात, बाईही दमलेल्या असतात आणि कुणी ना कुणी रडत असतंच. त्या रडणाऱ्याकडे कोण जातं ते बघ. ‘गप्प बस, ती ताई बघ कशी शहाणी’ असं लांबूनच सांगतात की कुणी त्याच्याजवळ खाली बसतं? मला विचारशील तर एवढ्यावरच शाळा ठरवावी. अर्धा तास उभं राहू देत नसतील तर तुझा प्रश्न सुटलाच, दुसरीकडे जा.

जाताना बाथरूम बघून ये. हसू नकोस. कडी आतून लागते का? मुलांचा हात पोचेल अशी आहे का? (पोचू नये.) नळ कुठल्या उंचीवर आहे, फरशी ओली आहे का, आणि मुख्य म्हणजे तिथे नेणाऱ्या मावशी कोण. बाई गाणी म्हणतात, पण चड्डी ओली झालेल्या पोराला दिवसभर धीर देतात त्या मावशी. त्यांच्याशी दोन शब्द बोल. त्या शाळेत किती वर्षं आहेत ते विचार. मावशा दर सहा महिन्यांनी बदलत असतील तर काहीतरी पाणी मुरतंय.

मुलं किती आणि माणसं किती हेही विचार. २०१३ च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणात ३ ते ६ वयासाठी वीस मुलांमागे एक मोठं माणूस आणि तिनाच्या आतल्यांसाठी दहामागे एक असं प्रमाण दिलेलं आहे. चाळीस मुलांत एक बाई असेल तर त्या बाई कितीही गुणाच्या असोत, त्या शिकवत नाहीत, राखण करतात.

तुझ्या यादीतली तिसरी शाळा ‘नर्सरीत १ ते १०० आणि संपूर्ण एबीसीडी लेखनासह’ असं अभिमानाने छापते. ती वगळ. मनगटात आठ बारकी हाडं असतात आणि तीन वर्षांच्या मुलाच्या एक्स-रेत त्यातली दोन-तीनच दिसतात, बाकीची अजून कूर्चाच असते. त्या हाताने कणीक मळावी, माती थापावी, तांदळातून डाळ निवडावी. भिंतीवर लावलेली चित्रंही बघ. पंचवीस ससे एकसारखे, रेघेच्या आत रंगवलेले असतील तर ते बाईंनी रात्री जागून केलेत. मीही केलेत. पालकांना आवडायचे.

माध्यमावरून तुझा आणि सूनबाईंचा वाद चाललाय असं तुझी आई म्हणाली. पहिलीचं पहिलीला ठरवा. आत्ता एवढंच बघा की तिला तहान लागली, पोट दुखलं, कुणी ढकललं, तर ते तिच्या भाषेत सांगता येईल आणि समोरच्याला कळेल. आणि हो, घरचे खास शब्द बाईंना लिहून द्या. माझ्या वर्गात एका मुलीच्या घरी शूला ‘टिंग’ म्हणायचे. पोर दोन दिवस ‘टिंग टिंग’ म्हणत होती आणि आम्ही तिला कौतुकाने घंटा दाखवत होतो.

तुझ्या यादीत गल्लीतली अंगणवाडी नाही. का रे? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं. पाड्यांवरची पोरं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. १९७५ पासून सरकारने देशभर अंगणवाड्या काढल्या. सगळ्याच चांगल्या चालतात असं मी म्हणणार नाही, पण चालत तीन मिनिटांवर आहे तर त्याच मंगळवारी तिथेही डोकावून ये. लांबची शाळा आणि कोंबून भरलेली व्हॅन यांच्या बाजूने मला तरी काही सुचत नाही. शाळा नदीच्या अंगाला असेल तर पाणी चढायला लागल्यावर पालकांना कसं कळवतात तेही विचारून घे. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलेलं आपण बघितलंय.

आता तुला कधी न सांगितलेली गोष्ट.

तुझ्या पहिल्या दिवशी तुझे वडील तुला सायकलच्या दांडीवरच्या छोट्या सीटवर बसवून घेऊन आले. तू त्यांचं बोट सोडेनास. माझं नोकरीचं दुसरं वर्ष, म्हणजे आपल्याला सगळं येतं असं वाटायचं वय. मी तुला खिडकीपाशी नेलं, ‘ते बघ माकड’ म्हटलं आणि पाठीमागे हात करून तुझ्या वडिलांना निघा म्हणून खुणावलं. ते गेले. माकड नव्हतंच. तू वळलास. लगेच रडला नाहीस. आधी दाराकडे बघितलंस, मग माझ्याकडे.

त्यानंतर अकरा दिवस तू पायातल्या चपला काढू दिल्या नाहीस. सतरंजीवर चपलांसकट, डबा खाताना चपलांसकट, आणि तोंड कायम दाराकडे. मी तुझ्या आईला सांगितलं, मुलगा हट्टी आहे. आमच्या मावशी, चौथी शिकलेल्या, शेवटी मला म्हणाल्या, ‘बाई, हट्टी न्हाई त्यो. निघायच्या तयारीत बसलाय. परत कुणी न सांगता गेलं तर मागं पळता यावं म्हणून.’

बाराव्या दिवशी मी तुझ्या वडिलांना दारात उकिडवं बसायला लावलं. ते तुला म्हणाले, ‘मी येतो. तुझा डबा झाला, गाणं झालं, की येतो.’ तू भोकाड पसरलंस. पण डबा झाला, गाणं झालं आणि ते दारात होते. मी त्यांना दहा मिनिटं आधीच बोलावून ठेवलं होतं. चपला आणखी दोन दिवसांनी निघाल्या.

आपण घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. ‘जातो’ म्हटलं की म्हाताऱ्या माणसांचा ओरडा बसतो. मग शाळेच्या दारातच आपण पोराचा डोळा चुकवून पळ का काढतो, देव जाणे. तू ‘येतो’ म्हण, कधी येणार ते तिला कळेल असं सांग. ‘बारा वाजता’ तिला कळत नाही, ‘डबा झाल्यावर’ कळतं. आणि मग वळून बघू नकोस. खिडकीतून डोकावू नकोस. आजीलाही डोकावू देऊ नकोस, आणि तेच अवघड आहे.

याचा सराव आत्तापासून सुरू कर. रविवारी तिला आजीबरोबर आमराईत बसव, ‘येतो’ म्हणून सांग आणि मारुती रोडवर एक चक्कर मारून कबूल केल्याप्रमाणे परत ये. आधी दहा मिनिटं, मग अर्धा तास. सूनबाईंची मिरजेच्या हॉस्पिटलातली ड्युटी बदलती असते हे मला माहीत आहे, तरी पहिले पंधरा दिवस सोडायला एकच माणूस येऊ दे. ज्याचे डोळे कमी भरून येतात तो. म्हणजे बहुतेक तू नव्हेस.

एक गोष्ट घरात बंद करा: ‘जेवली नाहीस तर शाळेत टाकीन’, ‘थांब, बाईंना नाव सांगते’. पोस्टात पत्र टाकावं तसं आपण पोराला शाळेत टाकतो, आणि वर तिथे त्याने आनंदाने जावं असं म्हणतो.

डब्यात तिला स्वतःच्या हाताने खाता येईल ते द्या. मऊ धपाटं, इडलीचे तुकडे, उपमा. भडंग नको. सांगलीकराला हे सांगणं पाप आहे, पण त्यातला अख्खा शेंगदाणा लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतो. तासगावची द्राक्षंसुद्धा अख्खी द्यायची नाहीत, उभी चिरून द्यायची. वर्गात एकाला हसताहसता ठसका लागलेला मी बघितलाय. तेव्हापासून डबे उघडल्यावर माझी नजर आधी द्राक्षांवरच जाते.

जूनपासून दर पंधरा दिवसांनी सर्दी आणेल. शाळा वाईट म्हणून नव्हे, सगळ्यांच्या नाकाचं सगळ्यांना मिळतं म्हणून. लसींचं कार्ड काढून बघा, दीड-दोन वर्षांचे डोस राहिले असतील तर आत्ताच घ्या. दप्तरात जादा चड्ड्या दोन ठेवा. एक पुरत नाही.

पहिल्या दिवशी मला फोन करशीलच. नऊला करू नकोस, तेव्हा तू गेटबाहेर रडत असशील आणि मला काही कळायचं नाही. ती घरी येऊन जेवली की कर.

तुझी,
बाई

ता.क. पावसाळी चपला घेताना बंदाच्या घेऊ नकोस, चिकटपट्टीच्या घे. काढता आणि घालता, दोन्ही तिचं तिला आलं पाहिजे. आणि काढत नसेल तर चार दिवस काढू नका.