गाडी कायम रिझर्व्हवर चालवली तर खरंच काही बिघडतं का?

तुमचा प्रश्न असा आहे की लाल दिवा लागल्यावरही तुम्ही गाडी बिनधास्त पळवता, मेकॅनिक म्हणतो टाकीतला पेट्रोल ओढणारा पंप जळेल, मित्र म्हणतात काही होत नाही, तर खरं कोणाचं? माझ्या मते दोघंही अर्धेच बरोबर आहेत. पंपाची काळजी करा, पण खरी भीती वेगळ्याच ठिकाणी आहे.

आधी पंपाचं बघू. इंजेक्शनच्या (म्हणजे इंजेक्टरने इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या) पेट्रोल गाड्यांत पंप टाकीच्या आतच बसवलेला असतो. चावी ऑन केली की मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक घूं... असा आवाज येतो, तो त्याचाच. ही विजेवर चालणारी छोटी मोटर आहे आणि पेट्रोल तिच्या आतूनच वाहत जातं. तिला थंड ठेवणारं तेच आणि वंगणही तेच. म्हणून पातळी खाली गेली की पंप तापतो, हे तत्त्व म्हणून खरं आहे. पण काटा तळाला टेकला की पंप लगेच जळाला, असं होत नाही. बहुतेक गाड्यांत पंपाभोवती प्लास्टिकचा एक डबा असतो. टाकीत थोडंच पेट्रोल असलं तरी हा डबा भरलेला राहतो आणि पंप त्यात बुडून असतो. घोटाळा होतो तो टाकी अगदी खडखडीत होत आल्यावर. वळणावर किंवा चढावर उरलंसुरलं पेट्रोल एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढायला लागतो आणि कोरडा फिरतो. एकदोनदा असं झाल्याने तो सहसा मरत नाही, पण रोजची सवयच असेल तर त्याचं आयुष्य कमी होणारच.

‘तळाचा गाळ इंजिनात जातो’ हेही तुम्हाला कोणी ना कोणी सांगेलच. मला ते फारसं पटत नाही. टाकी फुल असो की रिकामी, पंप नेहमी तळातूनच ओढतो, त्याच्या तोंडाला जाळी असते आणि शिवाय फिल्टर असतोच. जुन्या गाडीची पत्र्याची टाकी आतून गंजली असेल तर मात्र सांभाळा. रिकाम्या जागेतल्या हवेचा ओलावा पत्र्यावर धरतो आणि गंज वाढत जातो.

ज्याकडे कोणी बघत नाही ती गोष्ट म्हणजे मिसिंग, म्हणजे इंजिनात पेट्रोल नीट न जळणं. पेट्रोल तुटक मिळायला लागलं की इंजिन झटके मारतं. न जळलेलं पेट्रोल तसंच एक्झॉस्टमधून पुढे जातं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणारा, एक्झॉस्टमधला भाग) जाऊन जळतं. तिथलं तापमान इतकं वाढू शकतं की आतला सिरॅमिकचा ठोकळाच वितळायला लागतो. हा भाग पंपापेक्षा बराच महाग असतो. झटके बसत असताना ‘अजून थोडं ओढू’ म्हणून ॲक्सिलरेटर दाबत राहणं म्हणूनच चुकीचं.

गाडी डिझेलची असेल तर माझं उत्तर सरळ आहे: असला खेळ करूच नका. कॉमन रेलचा (आजच्या डिझेल इंजिनातली इंधन फवारण्याची पद्धत) हाय प्रेशर पंप हजार-दीड हजार बारच्या (बार हे दाबाचं एकक) वर दाब तयार करतो आणि त्याला वंगण मिळतं ते डिझेलचंच. तो कोरडा फिरला तर आतला धातू घासून त्याचा बारीक चुरा इंजेक्टरपर्यंत जाऊ शकतो. ते टळलं तरी लाइनमध्ये एअर धरते. मग नुसतं डिझेल ओतून गाडी चालू होईलच असं नाही. आधी एअर काढावी लागते, आणि काही गाड्यांत ते रस्त्याच्या कडेला जमत नाही.

आता ती खरी भीती. इंजिन बंद पडतं तेव्हा गाडी कडेलाच असेल असं नाही. ती ओव्हरटेक करताना मधल्या लेनमध्ये असेल, घाटात असेल, मागून ट्रक येत असेल. त्या क्षणी ब्रेकच्या बूस्टरमध्ये (पायाचा जोर वाढवून देणारा भाग) साठलेल्या व्हॅक्युमवर ब्रेक एकदोनदाच नेहमीसारखा लागतो, नंतर पेडल दगडासारखं घट्ट होतं. म्हणून पाय उचलून पुन्हा पुन्हा ब्रेक मारू नका, एकाच दाबात गाडी कडेला आणा. हायड्रॉलिक स्टिअरिंग जड होतं, फिरतं पण जोर लावावा लागतो. आणि गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी काढू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

‘अजून 60 किलोमीटर’ असा जो आकडा समोर दिसतो तो अंदाज असतो, आधीच्या चालवण्यावरून काढलेला. मोकळ्या रस्त्यावरून येऊन एसी लावून ट्रॅफिकमध्ये अडकलात तर तो भराभर उतरतो. काट्याचंही तसंच, तो टाकीतल्या फ्लोटवर (पेट्रोलवर तरंगणारा तुकडा) चालतो, त्यामुळे उतारावर गाडी उभी केली तर वेगळंच दाखवू शकतो. दिवा लागतो तेव्हा साधारण किती लिटर शिल्लक असतं ते गाडीच्या पुस्तिकेत बघून ठेवा. समजा 6 लिटर असेल आणि गाडी 15 चं ॲव्हरेज देत असेल, तर हिशेबाने 90 किलोमीटर होतात. मी त्यातले निम्मेच धरतो.

कमी पेट्रोलवर पेट्रोल पंप गाठायचाच असेल तर वेग मध्यम आणि एकसारखा ठेवा. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून पेट्रोल वाचतं ही समजूत सोडा. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल देणं बंद करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच, वर इंजिन ब्रेकिंगही जातं.

आणि संपलंच तर अर्धा लिटर ओतून स्टार्टर मारत बसू नका. चारपाच लिटर टाका, गाडी चढावर तिरकी उभी असेल तर त्याहून जास्त. मग चावी नुसती ऑन करा, पंपाचा घूं आवाज थांबू द्या, ऑफ करा. असं तीनचारदा झालं की स्टार्ट करा. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नका आणि मध्ये थोडं थांबा. तो आवाजच येत नसेल तर आधी पंपाचा फ्यूज बघा. फ्यूज ठीक असेल तर टोईंग बोलवा.