बोअरच्या पाण्यात वाळू येते, कोणता फिल्टर बसवावा?

तुम्ही लिहिलंय की चोपडा तालुक्यात घर आहे, बोअर बारा वर्षांचा आहे, यंदाच्या उन्हाळ्यापासून गच्चीवरच्या टाकीत तळाला वाळू साचते, नळाच्या जाळ्या आठवड्याला तुंबतात, तर कोणता फिल्टर घ्यावा. माझं माहेर त्याच तालुक्यातलं. फिल्टरचं शेवटी सांगते, कारण आमच्याकडे सगळ्यांनी आधी फिल्टरच घेतला होता आणि तरीही एका उन्हाळ्यात दोन मोटारी जळाल्या.

सातपुडा आणि तापी यांच्या मधल्या आपल्या पट्ट्यात खाली गाळाची जमीन आहे. पिवळी माती, रेती, पुन्हा माती, पुन्हा रेती, असे थर. चाळीसगाव-पाचोऱ्याकडे काळ्या दगडात वरच्या मुरमापुरतं केसिंग (भोकाला आधार देणारा पाइप) घालून भागतं. आपल्याकडे भोक उभं राहतच नाही, तळापर्यंत केसिंग लागतं. रेतीच्या थरासमोर जाळीचा पाइप येतो आणि केसिंगच्या बाहेरून गोट्याची ग्रॅव्हल भरतात. पाणी गाळलं जातं ते तिथे, जमिनीच्या आत. वाळू नळाला आली याचा अर्थ ती गाळणी कुठेतरी चुकली आहे. वर दुसरी गाळणी लावून खालची दुरुस्त होत नाही.

आमचा बोअर 2009 च्या मे महिन्यात झाला. माझी दहावीची परीक्षा झालेली होती. घराला आणि केळीच्या बागेला मिळून एकच बोअर, आठ इंची केसिंग. रिगचं गाऱ्याचं पाणी चरातून वाहायचं, त्यात आमचे आबा चाळणी धरून बसले होते. दर दहा फुटांना चाळणीत जे येईल त्याची एक मूठ गोणपाटावर ठेवायची आणि मला सांगायचं, "लिखी ठेव, माय." मी शाळेच्या वहीत लिहीत गेले. पंधरा फुटांपर्यंत काळी माती. सत्तरपर्यंत पिवळी चिकट. नव्वदपर्यंत बारीक रेती. दीडशेपर्यंत माती. दीडशे ते एकशे पंच्याऐंशी जाड रेती आणि गोटे. मग परत माती, आणि 230 ते 250 पिठासारखी बारीक रेती. 260 ला थांबलो.

आबांचं म्हणणं एवढंच होतं की जाळी फक्त जाड रेतीसमोर घाला, खालची बारीक रेती कोऱ्या, म्हणजे बिनजाळीच्या, पाइपने बंद ठेवा. तात्यांना, म्हणजे माझ्या मोठ्या काकांना, बागेसाठी पाणी जास्त हवं होतं. बोअरवाला म्हणाला, जेवढी जाळी तेवढं पाणी. तात्या आबांना सगळ्यांसमोर म्हणाले, "जमीनना पोटमा काय शे, कोनले दिखस?" गोणपाटावर सव्वीस ढिगाऱ्या मांडलेल्या होत्या तेव्हा. दोन्ही ठिकाणी जाळी गेली. ग्रॅव्हल संध्याकाळच्या घाईत ओतली, किती गेली ते कोणी मोजलं नाही. आबा त्या दिवशी जेवले नाहीत.

दहा वर्षं पाणी स्वच्छ आलं आणि तात्या दर आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ते बोलून दाखवायचे. 2014 ला आबा गेले.

2018 चा पाऊस कमी झाला आणि पुढच्या उन्हाळ्यात आमच्या बोअरची पातळी 170 फुटांवर गेली. जाड रेतीचा निम्मा थर कोरडा पडला. मग साडेसात एचपीची मोटार पाणी ओढणार कुठून? खालच्या बारीक रेतीतून. थोड्या जाळीतून जास्त पाणी खेचलं की त्याचा वेग वाढतो आणि वेगाबरोबर रेती आत येते. त्यात तात्यांनी पंप दोनशेवरून 240 वर सोडला, म्हणजे बरोबर त्या बारीक रेतीच्या जाळीसमोर. बादलीत रेती दिसायला लागली. चुलतभावाने ठिबकचा हायड्रोसायक्लोन (पाणी गोल फिरवून वाळू खाली पाडणारं शंकूसारखं भांडं) आणि जाळीचा फिल्टर आणून घराच्या लाइनला बसवला. वाळू फिल्टरमध्ये अडकली, नळ काही दिवस बरे चालले, आणि एप्रिलमध्ये मोटार जळाली. नवीन टाकली, ती मे महिन्यात जळाली.

मी आखाजीला माहेरी गेले तेव्हा तिसऱ्या मोटारीचे पैसे कुठून आणायचे यावर बोलणं चाललं होतं. वही आईच्या लोखंडी पेटीत होती. मी मिस्त्रीला एवढंच सांगितलं की पंप वर काढलाच आहे तर दोरीला वजन बांधून तळ मोजा. तळ 260 ला लागायला हवा होता, लागला 238 ला. बावीस फूट रेती आत भरलेली, आणि मोटार तिच्यात दोन फूट रुतलेली. सबमर्सिबलमध्ये मोटार पंपाच्या खाली असते आणि अंगावरून वाहणाऱ्या पाण्याने गार राहते. रेतीत पुरली की तिला गार करणारं पाणीच उरत नाही. व्होल्टेजचा दोष नव्हता, वाइंडिंगवाल्याचाही नव्हता.

कॉम्प्रेसर लावून बोअर साफ केला. मग आबांनी 2009 मध्ये सांगितलं होतं तेच केलं. खालची जाळी कायमची बंद केली, ग्रॅव्हल भरून वर सिमेंटचा थर दिला. पंप दोनशेवर कोऱ्या पाइपात आणला आणि तीन एचपीचा बसवला. जाळी आता पंपाच्या वर असल्याने पाणी वरूनच पंपात गेलं असतं आणि मोटार गरम झाली असती, म्हणून मिस्त्रीने तिच्याभोवती सहा इंची पाइपचं जॅकेट घातलं. तेव्हापासून रेती नाही, मोटारही तीच आहे. पाणी कमी झालं, हे खरं. केळी निम्म्यावर आणावी लागली आणि तात्या अजून म्हणतात की पोरीने बोअर बुजवला. अर्धी बाग मोटार जळाल्यावर तशीही वाळणारच होती.

आता तुमचं. मोटार सुरू करताच काचेच्या बरणीत पाणी घ्या. पाच मिनिटांनी दुसरी बरणी, अर्ध्या तासाने तिसरी. तिन्ही तासभर स्थिर ठेवा. फक्त पहिलीत वाळू असेल तर सुरू होतानाच्या झटक्याने थोडी येते, फार घाबरू नका. तिसरीत जास्त असेल तर पातळी उतरते आहे आणि मोटार बोअरच्या ताकदीपेक्षा मोठी आहे. तिन्हीत सारखी असेल तर जाळीत, ग्रॅव्हलमध्ये किंवा केसिंगच्या जोडात दोष धरा. मग डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह निम्मा बंद करून पुन्हा पाहा. वाळू थांबली तर तुम्ही फार जोरात उपसताय. व्हॉल्व्ह तसाच ठेवून जास्त वेळ मोटार चालवा, हा बिनपैशाचा उपाय आहे आणि कोणी विक्रेता तो सांगणार नाही.

ती वाळूच आहे ना, तेही बघा. कणांवर लिंबू पिळा. फसफसले तर क्षाराचे पापुद्रे आहेत. चुंबकाला चिकटले तर बहुधा जुन्या लोखंडी पाइपचा गंज. घरात सॉफ्टनर (जड पाणी मऊ करणारं यंत्र) असेल आणि कण गोल, पिवळसर, मोहरीपेक्षा बारीक असतील तर त्याच्या आतले रेझिनचे मणी बाहेर येतायत. यातलं काही निघालं तर लगेच बोअरच्या जाळीचा दोष धरू नका.

पुढच्या वेळी पंप काढाल तेव्हा तळ मोजा. काहीही मोजायच्या आधी पंप आणखी खाली सोडू नका, गावातले सगळे तेच सांगतील. बोअर कॅमेरावाला मिळाला तर फुटलेला जोड पडद्यावर दिसतो.

फिल्टर हवाच असेल तर टाकीत पाणी चढतं त्या लाइनला हायड्रोसायक्लोन आणि त्याच्या पुढे 120 मेशचा (इंचाला 120 भोकं असलेला) जाळीचा फिल्टर. हायड्रोसायक्लोन तुमच्या पंपाच्या प्रवाहाच्या मापाचाच घ्या. मोठा घेतला तर पाणी आत नीट फिरत नाही आणि वाळू पुढे जाते. मातीचा गढूळपणा त्याने जात नाही, फक्त जड कण पडतात. टाकीचा आउटलेट तळापासून सहा इंच वर आणि तळाला साचलेलं धुवून काढायला वेगळा वॉशआउट ठेवा. स्वयंपाकघरातल्या आरओवर याचा भार टाकू नका, त्याची कँडल दोन दिवसांत बसते.

राहिलेलं एक, आणि हे आधीच लिहायला हवं होतं. बोअरच्या आजूबाजूची जमीन खचत असेल किंवा ओटा एका बाजूला कलला असेल तर मोटार आजच बंद करा. बाहेरची माती आत जाते आहे आणि तिथे पोकळी होते. आणि तुमचं घर गाळाच्या पट्ट्यात नसून सातपुड्याच्या पायथ्याशी गोट्यांच्या भागात असेल तर खोली आणि थर वेगळे निघतील, माझे आकडे जसेच्या तसे धरू नका.

बोअर कोणी मारला त्याला किंवा घरातल्या जुन्या माणसाला विचारा की जाळी किती फुटांवर आहे आणि रेती किती फुटांवर लागली होती. ते आकडे इथे लिहा, म्हणजे पंप कुठे टांगायचा ते सांगता येईल.