पोर्टफोलिओतलं पहिलं पान

तुझी चित्रं पाहिली. हात चांगला आहे, पण नेपथ्याच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळवायला नुसती देखणी चित्रं पुरत नाहीत. परीक्षकांना तू विचार कसा करतेस ते पाहायचं असतं. म्हणून एकच नाटक घे आणि त्याची कच्ची रेखाटनं, खोडलेली, चहाचे डाग पडलेलीसुद्धा, पोर्टफोलिओत, म्हणजे तुझ्या निवडक कामाच्या संचात, क्रमाने लाव. पहिली कल्पना का सोडलीस, ते शेजारी दोन ओळींत लिही.

सेटचं छोटं मॉडेल १:२५ प्रमाणात कर, म्हणजे १ मीटरला ४ सेंटिमीटर. त्यात साधारण पावणेसात सेंटिमीटर उंचीचा पुठ्ठ्याचा माणूस उभा करायला विसरू नकोस. तो नसेल तर दार केवढं, पायरी केवढी, काहीच कळत नाही. मॉडेलचे फोटो अंधाऱ्या खोलीत, एका बाजूने टॉर्च धरून काढ.

आणि गावच्या देवळातल्या उत्सवी नाटकाला तू पडदे रंगवलेस, ते का लपवतेस? माझ्या मते तेच पहिल्या पानावर हवं! अपुरी जागा, तुटपुंजे पैसे, काही मिनिटांत बदलायचा प्रवेश, हे सगळं तू निभावलंस. इतरांनी केलेलं काम मात्र त्यांच्या नावानेच दाखव.

मुलाखतीआधी नाटकाची संहिता निदान तीनदा वाच. ‘हाच रंग का?’ असं विचारतीलच. ‘छान दिसतो’ हे उत्तर नको, पात्राबद्दल बोल. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा विचार असेल तर हिंदीत बोलायचा सराव आतापासून कर. तोवर पणजीत कांपालला कला अकादमीत प्रयोग असेल तेव्हा जा, आणि पडदा पडल्यावर परवानगी घेऊन सेट मागून बघ.