घरात माया संस्कृतीतल्या दगडी कोरीवकामाच्या प्रिंट लावायच्या असतील तर कोणत्या निवडाव्यात आणि कशा लावाव्यात?

तुमच्या हॉलची मोठी भिंत मोकळी आहे आणि तिथे चार-पाच छोट्या प्रिंट लावायचा विचार आहे, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत विचाराल तर एकच घ्या, पण मोठी घ्या. आणि घेण्याआधी त्या दगडावर कोण कोरलंय, ती व्यक्ती काय करतेय, हे समजून घ्या. माया लोकांचं, म्हणजे मेक्सिको-ग्वाटेमाला भागातल्या प्राचीन लोकांचं, कोरीवकाम म्हणजे नुसती नक्षी नव्हे. बहुतेक शिल्पांत नाव असलेली माणसं आहेत, शेजारी तारीखसुद्धा कोरलेली असते.

बाजारात ‘मायन कॅलेंडर’ म्हणून जी गोल चकती सर्रास विकतात, मधोमध जीभ बाहेर काढलेला चेहरा असलेली, ती माया लोकांची नाही. ती अझ्टेकांची, म्हणजे मेक्सिकोतल्याच दुसऱ्या एका जुन्या संस्कृतीची, सूर्यशिला. १७९० मध्ये मेक्सिको सिटीच्या मुख्य चौकात सापडली. आवडली तर जरूर लावा, पण माया समजून पैसे देऊ नका.

माझी सगळ्यात लाडकी म्हणजे याश्चिलानची २४ क्रमांकाची लिंटेल, म्हणजे दाराच्या वरची शिळा. याश्चिलान हे मेक्सिकोत उसुमासिंता नदीच्या काठावरचं शहर. शिळेवर राजा इत्सामनाह बालाम मोठी मशाल धरून उभा आहे आणि समोर राणी काबाल शोक गुडघ्यांवर बसलीय. ती काटे ओवलेली दोरी स्वतःच्या जिभेतून ओढतेय. रक्त खालच्या टोपलीतल्या कागदावर पडतंय. प्रसंगाची तारीख इ.स. ७०९ मधली. देवांना आणि पूर्वजांना रक्त अर्पण करणं हे तिथल्या राजघराण्याचं कर्तव्य होतं, त्यामुळे राणीच्या चेहऱ्यावर वेदना नाही, एकाग्रता आहे. घरात लहान मुलं असतील किंवा जेवणाचं टेबल समोरच असेल तर मात्र ही प्रिंट अभ्यासिकेत लावा.

या शिळेत मी तासन्‌तास काय बघते, तर राणीचं वस्त्र. त्यावरची चौकटींची वीण आणि काठाची झालर चुनखडीच्या दगडात इतकी बारीक उतरवलीय की हातमागाचं कापड वाटावं. ए४ आकारात हे सगळं पुसट होऊन जातं. मूळ शिळा साधारण ११० सेंटीमीटर उंच आहे. प्रिंट निदान ए२ तरी हवी, ए१ असेल तर उत्तम.

तिच्या शेजारच्या दारावरची २५ क्रमांकाची शिळा रक्तरंजित नाही. तिथे राणीपुढे प्रचंड सर्प उठलाय आणि त्याच्या जबड्यातून एक योद्धा बाहेर येतोय. ही घेताना एक लक्षात असू द्या. माया लिपीतले चेहरे सहसा डावीकडे बघतात, त्यामुळे ते उजवीकडे बघताना दिसले की छपाईत चित्र उलटं झालं असं समजावं. पण या शिळेवरचा लेख मुळातच आरशात दिसावा तसा उलटा कोरलाय. दुकानदाराला तो ‘सरळ’ करायला सांगू नका!

मेक्सिकोतल्याच पालेंके या माया शहराच्या पकाल राजाच्या शवपेटीचं झाकणही फार लोकप्रिय आहे. राजा इ.स. ६८३ मध्ये वारला, कबर १९५२ मध्ये उघडली. हे चित्र उभंच लावा. आडवं टांगून त्यात अंतराळवीर दाखवण्याची जी टूम आहे, तिने त्या शिल्पावर अन्याय केलाय. उभं धरलं की पाताळाच्या जबड्यावर रेललेला राजा आणि त्याच्यामागून वर जाणारा विश्ववृक्ष लगेच ओळखू येतो.

फोटोपेक्षा ठशाची प्रिंट मिळाली तर ती आधी घ्या. आपल्याकडे शिलालेखांचे घेतात तसेच हे ठसे. मर्ल ग्रीन रॉबर्टसन या चित्रकर्तीने १९६० च्या दशकापासून ओलसर राइस पेपर दगडावर बसवून, वर शाई किंवा रंग लावून असे हजारो ठसे घेतले. दगडाचा उंचसखलपणा त्यात फोटोपेक्षा स्पष्ट दिसतो.

कागद मॅट घ्या. चकचकीत कागदावर कोरीवकाम सपाट दिसतं. दिवा समोरून नको, एका बाजूने हवा. पावसाळ्यात ओल येणारी बाहेरची भिंत टाळा, आणि फ्रेमच्या मागे छोटे बूच लावून हवा खेळती ठेवा. माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा, ॲसिड-फ्री मागा, नाहीतर कागदाच्या कडा पिवळ्या पडतात.

२४ आणि २५ या दोन्ही शिळा ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि संग्रहालयाच्या संकेतस्थळावरचे त्यांचे फोटो घरगुती, बिनव्यावसायिक वापरासाठी घेता येतात. माया अवशेषांची चित्रं काढणाऱ्या फ्रेडरिक कॅथरवुड या इंग्रज चित्रकाराची १८४४ ची शिळाछाप चित्रं तर स्वामित्वहक्काच्या बाहेरच आहेत. त्यातले झाडाझुडपांत उभे असलेले कोपान या होंडुरासमधल्या माया शहराचे स्तंभ हॉलसाठी फार छान, आणि घरी कुणाला रक्त बघवत नसेल तर मी तेच सुचवेन.